कुंदाताईंचा आवाज

धानोली नगरपरिषदेच्या निवडणुकीला तीन आठवडे उरले होते तेव्हा जनसेतू पक्षाच्या कचेरीत नेहल लांजेवार नावाची सव्वीस वर्षांची मुलगी नागपूरहून आली. तिच्याबरोबर पाटीएवढ्या आकाराचे बारा टॅब होते. प्रत्येक प्रभागप्रमुखाला एकेक मिळाला. प्रभाग सातचा टॅब कुंदाताई निंबार्ते यांच्या हातात आला.

कुंदाताई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यातली सव्वीस वर्षं त्यांनी पक्षाचं काम केलं होतं. त्या कधी निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. नळ, रेशन, दाखले यांसाठी लोक त्यांच्या दारात येत. सहा वर्षांपूर्वी त्या तहसीलसमोर चाळीस दिवस धरणं धरून बसल्या होत्या, म्हणून तर गावात डायलिसिस केंद्र आलं. त्याआधी मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा बसने भंडाऱ्याला जावं लागे. तेव्हा त्या बसमध्ये त्यांचे यजमान वामनरावही असत.

"हे यंत्र करतं काय?" कुंदाताईंनी नेहलला विचारलं.

"लोकांच्या चिंता ओळखतं, ताई. लोक तोंडाने सांगत नाहीत त्याही."

मग तिने नीट समजावून सांगितलं. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त भरतं आणि चेहऱ्याचा रंग केसभर बदलतो. डोळ्यांना हा बदल दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून प्रत्येक ठोका मोजता येतो. भीतीची चाहूल लागली की माणसाचं हृदय आधी क्षणभर मंदावतं, मग धावू लागतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, श्वास वर अडकतो. टॅबवर नव्वद सेकंदांची एक फिल्म चाले. त्यात शाळा, तलाव, दवाखाना, अनोळखी गर्दी, कुलूप लावलेलं घर अशी चाळीस चित्रं असत. कोणत्या चित्रापाशी हृदय अडखळलं, ते यंत्र टिपून ठेवी.

"हे मुळात दातांच्या डॉक्टरांसाठी केलं होतं," नेहल म्हणाली. "लहान मुलं कशाला घाबरतात ते आधी कळलं तर त्यांना सांभाळता येतं."

कुंदाताईंना हे पटलं. सव्वीस वर्षं त्या लोकांना विचारत आल्या होत्या, काय अडचण आहे, आणि निम्मे लोक म्हणत, काही नाही ताई, चाललंय. आता न बोलणाऱ्यांचंही कळणार होतं. शेवटी नेहलने त्यांच्याकडून दोन पानं मोठ्याने वाचून घेतली. प्रचारासाठी आवाजाचा नमुना हवा, असं ती म्हणाली. कुंदाताईंनी वाचून दाखवलं.

पहिली फिल्म त्यांनी घरीच, वामनरावांना दाखवली. ते शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होते, त्यांना नव्या यंत्रांची हौस. फिल्म संपल्यावर ते म्हणाले, "तलाव छान घेतलाय." पुढच्या पाच दिवसांत कुंदाताईंनी चारशे बारा घरं केली. "नव्वद सेकंद फक्त बघायचं, जी," एवढंच त्या म्हणत, आणि त्या म्हणतात म्हणून लोक बघत. मग त्या घरातल्या फोनांत पक्षाचं ॲप टाकून देत.

*

आठवड्याभरात प्रभाग बदलला. काय बदललं ते कुंदाताईंना लगेच उमगलं नाही. सकाळी तलावाच्या पाळीवर बसणारी म्हातारी माणसं दिसेनाशी झाली. निवृत्त शिक्षिका पुष्पलता कापगते यांनी अंगणाला जाळीचं फाटक बसवून घेतलं आणि समोरच्या मेश्रामांच्या घराकडे पाहणंच सोडलं. मेश्रामांच्या सुनेने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "आता वेळ नाही ताई." हीच सून एरवी चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नसे.

निवडणूक आली की माणसं थोडी तुटतातच, असं कुंदाताईंनी मनाशी म्हटलं आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

घरी वामनरावही गप्प होते. जेवण कमी झालं होतं, पाणी तर ते घोटभरच पीत. डायलिसिसच्या माणसाने पाणी बेतानेच प्यायचं असतं, म्हणून त्यात काही खटकलं नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार ते नेहमीप्रमाणे अकराला पिशवी घेऊन निघत आणि चारला परत येत.

सोमवारी दुपारी कुंदाताई पत्रकं वाटत होत्या तेव्हा केंद्रातल्या तंत्रज्ञ प्रणाली यांचा फोन आला.

"ताई, काका बरे आहेत ना? गुरुवारी आले नाहीत, आजही नाहीत. फोनही उचलत नाहीत."

"आजही नाहीत? ते तर अकरालाच निघाले."

"शनिवारी आले होते, पण अडीच तासांतच उठले. थकवा आला म्हणाले. ताई, लवकर शोधा. असे दिवस चुकले की रक्तात पोटॅशियम साठतं, त्याने हृदय थांबू शकतं."

कुंदाताईंनी पत्रकं तिथेच एका ओट्यावर ठेवली आणि निघाल्या. वामनराव कुठे बसतील याचा त्यांना अंदाज होता. तलावाच्या पलीकडच्या अंगाला, शिंगाडे काढणाऱ्यांच्या डोंग्या लागतात तिथे, ते झाडाला टेकून बसले होते. पाय सुजून चपलांच्या बाहेर आले होते. ओठ पांढरे पडले होते आणि श्वास धापेसारखा चालला होता.

"अहो, इथे काऊन बसलात?"

"थोडं बसतो आणि जातो," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

डोंगीवाल्या दोघांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. केंद्रात प्रणाली मशीन लावून तयारच होत्या. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो पाहून ते हात भराभर चालवू लागले. कुंदाताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पहिला तास गेला. दुसऱ्या तासाच्या शेवटी डॉक्टर जवळ येऊन म्हणाले, "आता बसा ताई. धोका टळला. आणखी एक दिवस गेला असता तर मी असं म्हणू शकलो नसतो."

त्या बसल्या. वामनरावांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता.

"काऊन असं केलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

वामनराव छताकडे पाहत म्हणाले, "तू पाठवलेलं ऐकलं ना मी."

"मी काय पाठवलं?"

त्यांनी मोकळ्या हाताने फोन पुढे केला. कुंदाताईंनी तो कानाला लावला आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. वाक्याच्या शेवटी "कळलं ना जी" म्हणायची त्यांची लकबही त्यात होती. आवाज सांगत होता, नवजागर पक्ष निवडून आला तर डायलिसिस केंद्र पहिल्याच महिन्यात बंद होईल. खुर्च्या कमी केल्या तर आधी म्हाताऱ्या पेशंटांना काढतील. वेळ थोडा आहे, कळलं ना जी.

असे सतरा निरोप होते. शेवटचा त्याच दिवशी सकाळी आलेला होता.

"हे मी बोलले नाही," कुंदाताई म्हणाल्या.

"मला वाटलं, तुला तोंडावर सांगवत नसेल. म्हणून फोनवर सांगतेस." वामनराव थांबत थांबत बोलत होते. "मग म्हटलं, आतापासूनच सवय करावी. केंद्राशिवाय किती दिवस निभतं ते पाहावं. तुझ्यामागे निवडणुकीचा व्याप, त्यात मी कशाला काही विचारू."

"आणि घरात माझ्यासमोर बसून मला विचारलं नाहीत."

"तुझाच तर आवाज होता."

कुंदाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. केंद्राचा दहा वर्षांचा करार राज्याच्या आरोग्य खात्याशी होता. नगरपरिषदेला ते बंद करता येणारच नव्हतं. त्या कराराचं प्रत्येक कलम कुंदाताईंना पाठ होतं, कारण त्यासाठीच त्या भांडल्या होत्या. हे त्यांनी वामनरावांना सावकाश, दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताई टॅब घेऊन कचेरीत गेल्या. उमेदवार दिगांबर भुरे तिथे होता. त्याला वीस वर्षांपूर्वी त्यांनीच पक्षात आणलं होतं. नेहल कोपऱ्यात काम करत होती.

"दिगांबर, माझ्या आवाजात खोटं कुणी सांगितलं?"

त्याला आधी वामनरावांचं कळलं नव्हतं. कळल्यावर तो खरंच हादरला, उठून उभा राहिला. पण मग म्हणाला, "ताई, केंद्र बंद होईलच असं नाही, पण होऊ शकतं. आपण शक्यता सांगितली."

"होऊ शकत नाही. करार वाच."

"करार कोण वाचतो? ताई, आपण पंचवीस वर्षं कामं सांगून मतं मागितली. मागच्या वेळी काय झालं? पडलो. माणूस कामासाठी टाळ्या वाजवतो आणि भीतीने रांगेत उभा राहतो. समोरचेही हेच यंत्र वापरतात. आपण थांबलो तर फक्त आपणच थांबू."

"पुष्पलताबाईंना काय पाठवलंय?"

उत्तर नेहलने दिलं, मान वर न करता. "त्यांना मेश्रामांच्या घरातल्या पोरांबद्दल. आणि मेश्रामांना सांगितलंय की बाईंनी त्यांच्या घराच्या वाढीव बांधकामाची तक्रार केली आहे."

"केली आहे का?"

"नाही."

"तू ते लिहिलंस?"

"यंत्र लिहितं, ताई. मी मंजूर करते. दिवसाला नऊ हजार असतात, सगळे वाचून होत नाहीत." तिचा आवाज बारीक झाला होता. "काकांचा निरोप मी वाचला नव्हता. पण वाचला असता तरी मंजूर केला असता, असं मला आता वाटतंय."

"बंद कर."

"माझ्या हातात नाही. कंपनी मला काढेल आणि दुसऱ्याला बसवेल." मग ती म्हणाली, "एक गोष्ट आहे. पक्षाच्या ॲपमधून यंत्राला फोनच्या कॅमेऱ्यातून दिसतं; फोनसमोर दोन चेहरे असले की ते निरोप पाठवतच नाही."

"काऊन?"

"चालत नाही म्हणून. भीतीचं असं असतं की ओळखीचं माणूस शेजारी असलं की मेंदू धोक्याची घंटा हळू वाजवतो. ठोके वाढतच नाहीत फारसे. दातांच्या दवाखान्यात आई शेजारी बसली की आमचे सगळे आकडे कोसळायचे. म्हणून इथे यंत्राला शिकवलंय, माणूस एकटा सापडेपर्यंत थांब."

भुरे तिच्याकडे रागाने पाहू लागला. कुंदाताईंनी टॅब टेबलावर ठेवला.

"ताई, पक्ष सोडताय का?" त्याने विचारलं.

"नाही. पक्षासाठी सव्वीस वर्षं दिलीत. हे यंत्र तेवढं सोडते."

तिथून त्या निवडणूक अधिकाऱ्याकडे गेल्या आणि लेखी तक्रार दिली. अधिकारी भला माणूस होता. त्याने वामनरावांचे निरोप उतरवून घेतले, पोच दिली आणि खरं ते सांगितलं, की आवाज बनावट असल्याचं प्रयोगशाळेकडून सिद्ध व्हायला महिना लागेल. मतदान दहा दिवसांवर होतं.

*

प्रभाग सातमध्ये नवजागर पक्षाचं काम जुबेदाबी पठाण बघत. त्यांचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान होतं. पाच निवडणुका या दोघी एकमेकींविरुद्ध लढल्या होत्या. एकदा मतदान केंद्राबाहेर दोघींचं असं भांडण झालं होतं की पोलीस मध्ये पडले. त्या जुबेदाबींच्या दुकानात कुंदाताई सकाळी शिरल्या तेव्हा समोरचे दोघे अर्ज तसेच ठेवून बघत राहिले.

कुंदाताईंनी सगळं सांगितलं, वामनरावांचंही. जुबेदाबींनी ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून तसाच टॅब काढून काउंटरवर ठेवला.

"मीपण साडेतीनशे घरं केली," त्या म्हणाल्या. "परवा माझ्या नणंदेने मला विचारलं, भाभी, तू असं कसं बोललीस? मी म्हटलं, काय बोलले? ती रडायला लागली. मला वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय."

कुंदाताईंनी तो टॅब उलटा करून ठेवला.

"माझ्या पक्षाला मत द्या असंच मी सांगणार," कुंदाताई म्हणाल्या.

"मग मी काय तुमच्या पक्षाचं सांगणार आहे?" जुबेदाबी म्हणाल्या. "पण सांगायचं ते आपल्या तोंडाने. चला, कुठून सुरू करायचं?"

त्यांनी पुष्पलताबाईंच्या घरापासून सुरुवात केली. बाईंनी फाटकातून दोघींना एकत्र पाहिलं आणि कुणी मेलं की काय असंच त्यांना वाटलं. कुंदाताई म्हणाल्या, "बाई, फोन घेऊन समाजमंदिरात या. तुम्हाला आलेले निरोप सगळ्यांसमोर वाजवायचे आहेत. आमच्या आवाजातले आहेत, पण आमचे नाहीत." समोर जाऊन त्यांनी मेश्रामांच्या सुनेलाही तेच सांगितलं. दोन दिवस दोघी दारोदार फिरल्या.

रविवारी सकाळी दहाला समाजमंदिरात दोनेकशे माणसं जमली. सतरंज्या अपुऱ्या पडल्या. वामनराव खुर्चीत पुढे बसले होते. डॉक्टरांनी घरी राहा म्हटलं होतं, पण ते ऐकेनात. कुणीच आधी उठेना. प्रत्येकाच्या फोनमध्ये जे होतं ते त्याच्या मनातलं अगदी आतलं होतं, चारचौघांत उघडायचं नसलेलं.

मग वामनराव उठले. त्यांनी फोन ध्वनिक्षेपकाजवळ धरला. केंद्र बंद होणार, म्हाताऱ्यांना आधी काढणार, असं कुंदाताईंच्या आवाजात सगळ्यांनी ऐकलं. कुंदाताई शेजारीच उभ्या होत्या, तोंड बंद करून. आवाज संपल्यावर वामनराव म्हणाले, "हे ऐकून मी मरायची तालीम करत होतो. बायकोला एकदा विचारलं असतं तर ही वेळच आली नसती. तिनेच शोधून विचारलं, म्हणून वाचलो."

मग पुष्पलताबाई पुढे आल्या. त्यांच्या फोनमध्ये एकच निरोप दोन आवाजांत होता, एक कुंदाताईंचा, एक जुबेदाबींचा. समोरच्या घरातली पोरं तुमच्या कुलपावर नजर ठेवून आहेत, असं तो सांगत होता. वाजवताना बाईंचे कान लाल झाले. मेश्रामांची सून लगेच उठली आणि तिने आपला निरोप लावला. बाईंनी तक्रार केली आहे, घर पाडणार आहेत.

"मी कशाची तक्रार करू?" पुष्पलताबाई म्हणाल्या. "मला तर ते बांधकाम कोणतं तेसुद्धा माहीत नाही."

"न्हाणीघर आहे बाई. दीड मीटरचं," सून म्हणाली.

मागून कुणीतरी हसलं. मग दुसरं, तिसरं, आणि एकदम सगळं समाजमंदिर हसू लागलं. बाई हसता हसता सतरंजीवर बसल्या आणि त्यांना सुनेनेच हात धरून उठवलं. त्यानंतर फोन वाजवायला रांग लागली. कुणाला सांगितलं होतं, रेशन बंद होणार. कुणाला, मुलीचं लग्न मोडणार. चौघांना तर नोकरी जाण्याची एकच भीती घातली होती, आणि दर वेळी दोषी म्हणून वेगळ्याच माणसाचं नाव घेतलं होतं. एकट्याने ऐकताना झोप उडवणारे निरोप दोनशे माणसांत ऐकले की नुसते बावळट वाटत होते. हसणं आणि रडणं दोन्ही चाललं होतं. कुंदाताईंनी पाहिलं, लोकांचे खांदे खाली आले होते. इतके दिवस ते वर ओढलेले होते हे त्यांना तेव्हाच जाणवलं.

शेवटी दोघींनी पाच-पाच मिनिटं आपापल्या पक्षाचं सांगितलं. कुंदाताईंनी नळाचं आणि केंद्राचं, जुबेदाबींनी गटाराचं आणि शाळेचं. लोकांनी दोघींनाही आडवे प्रश्न विचारले. बऱ्याच वर्षांनी कुंदाताईंना अशा प्रश्नांची मजा वाटली.

*

पक्षाचं पत्र मतदानाच्या आदल्या दिवशी आलं. शिस्तभंगाबद्दल सहा वर्षांसाठी निलंबन. जुबेदाबींनाही तसंच पत्र मिळालं, फक्त त्यांचं तीन वर्षांचं होतं. नेहलने नोकरी सोडली असल्याचा निरोप तिने स्वतः फोन करून दिला. दातांच्या दवाखान्यातलं जुनं काम परत मिळतंय का बघते, असं ती म्हणाली. कुंदाताई म्हणाल्या, "मिळालं की कळव. माझ्या नातीचा दात किडलाय."

प्रभाग सातमध्ये एक्क्याऐंशी टक्के मतदान झालं, आजवरचं सर्वांत जास्त. दिगांबर भुरे बावीस मतांनी पडला. नवजागरचा उमेदवार निवडून आला. निकालाच्या संध्याकाळी जुबेदाबी उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी घेऊन आल्या आणि ओट्यावर बसल्या.

"एक विचारू? मत कुणाला दिलंत?"

"जनसेतूला," कुंदाताई म्हणाल्या. "पक्ष भुरेचा नाही."

"बावीस मतांनी पडलात. ती सभा घेतली नसती तर जिंकला असतात."

"असू दे. पुढच्या वेळी मागू. आता तुमच्या माणसाला सांगा, केंद्राला दोन मशिनी वाढवून हव्यात. अर्ज मी उद्या देते."

नवा नगरसेवक अर्ज घेताना म्हणाला, "ताई, आता आमच्याकडेच या." कुंदाताई म्हणाल्या, "मी विरोधातच बरी. अर्जावर तारीख टाका आणि पोच द्या." त्याने दिली.

त्या गुरुवारी त्या वामनरावांबरोबर केंद्रात गेल्या. मशीन सुरू झाली तशी अर्ध्या तासात वामनरावांचा डोळा लागला. महिन्याभरात ते असे झोपले नव्हते. तोंड किंचित उघडं पडलं होतं आणि घोरणं हळूहळू लयीत येत होतं. प्रणाली रक्तदाब बघून गेल्या आणि म्हणाल्या, "छान आहे, जागेवर आहे." कुंदाताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. करण्यासारखं काही नव्हतं. कुठे जायचंही नव्हतं.

दुपारी साडेचारला वामनराव जागे झाले. हाताची पट्टी बघत म्हणाले, "झाले चार तास?"

"कधीच झाले. प्रणालीने झोपू दिलं तुम्हाला."

"आणि तू?"

"मी इथेच होते."

"मग उठवलं नाहीस काऊन?"

"उठवायचं कशाला," कुंदाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. सूज उतरली होती, चपला पायांत सहज गेल्या.